सीआयसीएस ट्रान्झॅक्शन सर्व्हर: मेमरी टेराबाइटांत, तंटा सोळा एमबीचा

आयबीएमच्या झेड१६ मशीनमध्ये ४० टेराबाइटपर्यंत मेमरी बसते. त्याच मशीनवरचा सीआयसीएस रीजन (बँकांसारख्यांचे व्यवहार हाताळणाऱ्या आयबीएमच्या सीआयसीएस सॉफ्टवेअरची एक चालू प्रत) मात्र पाच एमबीचा कप्पा भरला म्हणून नवी ट्रान्झॅक्शन घ्यायचं थांबवू शकतो. सीपीयू निवांत, पेजिंग शून्य, आणि जॉब लॉगमध्ये डीएफएचएसएम०१३१, म्हणजे जागा कमी पडल्याचा मेसेज. पुण्या-मुंबईत परदेशी बँकांच्या प्रॉडक्शन सपोर्टला बसणाऱ्यांना हा मेसेज नवा नाही. सीआयसीएस ट्रान्झॅक्शन सर्व्हरच्या पाचव्या आणि सहाव्या पिढीचं हे परीक्षण या एकाच अंगाने आहे: ॲड्रेस स्पेसची (एका रीजनला वापरता येणाऱ्या पत्त्यांच्या पट्ट्याची) मर्यादा हे प्रॉडक्ट किती चांगलं सांभाळतं, आणि कुठे सगळं तुमच्या गळ्यात टाकून मोकळं होतं. बाकी फीचर्सची जंत्री विक्रीच्या माहितीपत्रकात मिळते.

आधी एक घोळ मिटवू. इथे संपते ती रॅम नाही, पत्ते संपतात. सिस्टिम/३६० मध्ये पत्ता २४ बिटांचा होता, म्हणजे १६ एमबी. १९६९ साली सीआयसीएस बाजारात आलं ते याच जगात. १९८३ च्या एमव्हीएस/एक्सएने ३१ बिट आणले आणि हद्द २ जीबीवर गेली. पुढे झेड/आर्किटेक्चरने ६४ बिट दिले. १६ एमबीच्या रेषेला सगळे ‘लाइन’ म्हणतात, २ जीबीच्या रेषेला ‘बार’. बत्तीस सोडून एकतीसच का, तर वरचा एक बिट ॲड्रेसिंग मोड दाखवायला आणि पॅरामीटर यादीचा शेवट कळवायला राखून ठेवला. जुन्या असेंब्लरवाल्यांनी तर चार बाइटच्या पत्त्यातला वरचा अख्खा बाइट झेंड्यांसाठी वापरला होता. असा प्रोग्रॅम एमोड (ॲड्रेसिंग मोड) ३१ मध्ये चालवला की ते झेंडे पत्त्याचा भाग होतात आणि एस०सी४ हा अबेंड येतो, म्हणजे प्रोग्रॅम अर्ध्यावर कोसळतो. उलट एमोड २४ प्रोग्रॅमच्या हाती लाइनच्या वरचा पत्ता दिला, तर वरचा बाइट गळून तो भलत्याच जागी लिहितो. हे दुसरं जास्त वाईट, कारण तिथे अबेंड येईलच असं नाही. कधी नुसतीच कुणाची तरी स्टोरेज बिघडते आणि बोंब तिसऱ्याच ट्रान्झॅक्शनमध्ये उठते.

आता त्या १६ एमबीतले तुमच्या रीजनला किती मिळतात ते पाहा. झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमचा न्यूक्लिअस, एसक्यूए, एलपीए आणि सीएसए हा सामायिक भाग प्रत्येक ॲड्रेस स्पेसमध्ये त्याच पत्त्यांवर बसतो. तो वजा जाता लाइनच्या खाली साधारण आठ ते दहा एमबी खासगी जागा उरते. जॉबसाठी मेमरी मागणारा रीजन पॅरामीटर शून्य दिला म्हणून त्यात एका बाइटचीही भर पडत नाही. फक्त ‘आहे ती सगळी घे’ एवढाच त्याचा अर्थ, तोही साइटच्या आयईएफयूएसआय एक्झिटने (मर्यादा घालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) आडकाठी घातली नाही तर. खासगी आणि सामायिक भागातली सीमा एक एमबीच्या टप्प्याने सरकते. त्यामुळे कुणी सीएसए दोनशे केबीने वाढवला आणि टप्पा ओलांडला गेला, की पुढच्या आयपीएलनंतर (सिस्टिम नव्याने सुरू केल्यावर) तिच्यावरच्या झाडून सगळ्या रीजनचा एक-एक एमबी जातो. सीआयसीएसमध्ये कुणी काही बदललेलं नसतं, तरी सोमवारी सकाळी एसओएस, म्हणजे ‘शॉर्ट ऑन स्टोरेज’. अशा वेळी सीआयसीएस टीमने आपलीच पॅरामीटर चाळत बसण्यापेक्षा आधी आयईएएसवायएस मेंबर (झेड/ओएसची सुरुवातीची पॅरामीटर) कुणी बदलला ते विचारावं.

या आठ-दहा एमबीत दोन वाटेकरी आहेत. एक सीआयसीएसचे डायनॅमिक स्टोरेज एरिया, म्हणजे डीएसए: सीडीएसए, यूडीएसए, एसडीएसए आणि आरडीएसए. या चौघांची एकत्रित कमाल मर्यादा डीएसएलिम ठरवतो. डिफॉल्ट ५ एमबी, कमीत कमी २, आणि वाढ २५६ केबीच्या पटीत. दुसरा वाटेकरी झेड/ओएस स्वतः: एलएसक्यूए (सिस्टिमने या ॲड्रेस स्पेससाठी राखलेली जागा), टीसीबींची (झेड/ओएसच्या थ्रेडची) कंट्रोल ब्लॉक, सबपूल २२९ आणि २३०, डेटासेट उघडताना लागणारी स्टोरेज. हा भाग खासगी जागेच्या वरच्या टोकापासून खाली उतरतो, युजर रीजन खालून वर चढतो. दोघं भेटले की एस८०ए किंवा एस८७८ अबेंड.

म्हणून एसओएस आला की डीएसएलिम ५ चा ८ करायचा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला धोक्याचा आहे. समजा खासगी जागा ९ एमबी आहे. डीएसएलिम ८ केला तर झेड/ओएसला एक एमबी उरतो. सकाळी सगळं सुरळीत दिसेल. दुपारी लोड चढला, टीसीबी वाढले, की एलएसक्यूएला जागा मिळणार नाही. एसओएसमध्ये रीजन गुदमरतो पण सहसा सावरतो. एलएसक्यूए संपली तर रीजनच आडवा होऊ शकतो. आजारापेक्षा औषध भारी, अशातला प्रकार. डीएसएलिम वाढवण्याआधी डीएसएबाहेर, ऐन गर्दीच्या तासाला, किती जागा मोकळी राहते ते मोजलंच पाहिजे.

इथे एमएक्सटीचा (एका वेळी चालू शकणाऱ्या टास्कच्या कमाल संख्येचा) संबंध येतो, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ५.१ पासून एमएक्सटीची कमाल दुप्पट होऊन २००० झाली. त्याच आवृत्तीत एल८ आणि एल९ (थ्रेडसेफ, म्हणजे समांतर चालू शकणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टीसीबींची मर्यादा सीआयसीएस स्वतः ठरवू लागलं: एमएक्सटीची दुप्पट अधिक ३२. म्हणजे एमएक्सटी ५०० असेल तर १०३२ टीसीबींपर्यंत मुभा. प्रत्येक टीसीबी लाइनच्या खाली एलएसक्यूएत थोडी जागा खातोच. प्रोग्रॅम थ्रेडसेफ केले, डीबी२ची कामं एल८वर गेली, थ्रूपुट वाढलं, उत्तम. पण बिल खालच्या मजल्यावर फाटलं. एमएक्सटी ‘असू दे जास्त’ म्हणून १००० ठेवणाऱ्यांनी गर्दीच्या वेळी प्रत्यक्षात किती टास्क चालतात ते स्टॅटिस्टिक्समध्ये बघावं आणि त्याच्या थोडंसंच वर थांबावं.

आयबीएमचं कौतुक करायचं तिथे करायला हवं. सीआयसीएसने स्वतःचा पसारा लाइनच्या खालून बराच हलवला आहे, आणि ५.१ ची आवृत्ती या बाबतीत खरोखर मोठी होती. ट्रेस टेबल, मेन टेम्पररी स्टोरेज, कंटेनरमधला डेटा हे सगळं तर त्याआधीच बारच्या वर गेलेलं आहे. चार डीएसएंचं माप प्रत्येकी वेगळं ठरवायची कटकट केव्हाच संपली. सीआयसीएस एक्स्टेंट लागेल तिकडे देतं. लाइनच्या खाली एक्स्टेंट २५६ केबीचा, वर एक एमबीचा; ट्रान्झॅक्शन आयसोलेशन चालू केलं तर यूडीएसएचा एक्स्टेंटही एक एमबीचा होतो, आणि ५ एमबीच्या डीएसएलिममध्ये ही चैन परवडत नाही. सीडीएसए, यूडीएसए वगैरेंची मापं एसआयटीमध्ये (सीआयसीएसच्या सुरुवातीच्या पॅरामीटर-तक्त्यात) हाताने ठोकून ठेवलेली काही ठिकाणी अजून सापडतात. ती काढून शून्य करा. ठोकून ठेवलेली जागा एका डीएसएत पडून राहते आणि शेजारचा उपाशी मरतो.

जागा आखडली की सीआयसीएस आधी वापरात नसलेले प्रोग्रॅम मेमरीतून काढतं. तेवढ्याने भागलं नाही की राखीव कुशन सोडतं आणि एसओएस जाहीर करतं: लाइनच्या खाली डीएफएचएसएम०१३१, वर डीएफएचएसएम०१३३. या काळात नवीन टास्क सुरू होत नाहीत. जागा मागणारे टास्क थांबून राहतात, आणि सीईएमटी या देखरेखीच्या ट्रान्झॅक्शनच्या टास्क यादीत त्यांच्या थांबण्याचं कारण म्हणून यूडीएसए किंवा सीडीएसए असं नाव दिसतं. यंत्रणा समंजस आहे. तक्रार आहे ती मेसेजबद्दल. डीएफएचएसएम०१३१ तुम्हाला जागा संपली एवढंच सांगतो, कुणी खाल्ली ते नाही. निदान सर्वांत मोठ्या पाच टास्कची नावं तरी त्याच वेळी लॉगमध्ये यायला हरकत नव्हती.

मग शोधायचं कसं? मेसेज परत येण्याआधी सापळा लावा: सीईएमटीने सिस्टिम डंप कोड एसएम०१३१ जोडायचा, सिस्डंप आणि मॅक्सिमम १ द्यायचा. मॅक्सिमम विसरलात तर एसओएसच्या झटक्यांसरशी डंप पडत राहतील आणि डंप डेटासेट भरतील. डंप हाती आला की आयपीसीएस या डंप वाचायच्या साधनात आवृत्तीनुसार डीएफएचपीडी७३० किंवा डीएफएचपीडी७४० व्हर्बेक्झिट चालवा, पहिला ५.६ चा, दुसरा ६.१ चा. एसएम=३ देऊन स्टोरेज मॅनेजरचा तपशील मिळतो, केई=१ देऊन टास्कची यादी. टास्क सबपूलच्या नावाचं पहिलं अक्षर बघा: एम म्हणजे लाइनखालची सीआयसीएस-की स्टोरेज, बी म्हणजे लाइनखालची युजर-की, सी आणि यू हीच जोडी लाइनच्या वरची. बीच्या यादीत एकच टास्क फुगलेला असेल तर लूपमध्ये गेटमेन (जागा मागणारी आज्ञा) करणारा प्रोग्रॅम आहे. शंभर टास्क प्रत्येकी ४० केबी घेऊन बसले असतील तर गुन्हेगार कुणीच नाही. तुमचं ४ एमबीचं गणितच तसं आहे, आणि बहुधा डीबी२ किंवा एखादी फाइल मंदावल्यामुळे टास्क साचले आहेत. या दुसऱ्या प्रकारात स्टोरेजच्या मागे लागून काही हाती येत नाही.

रोजच्या देखरेखीला सीईएमटी आय डीएसएएस आणि डीएफएच०स्टॅट पुरतात. दुसऱ्यात डीएसएच्या बाहेरची मोकळी जागाही दिसते, आणि वर म्हटलेलं मोजमाप तिथूनच घ्यायचं. सिस्टिमभरच्या सीएसएची वाढ बघायची तर आरएमएफचा व्हर्च्युअल स्टोरेज रिपोर्ट. ५.१ पासून आलेल्या पॉलिसींमध्ये एका टास्कने २४-बिट किंवा ३१-बिट स्टोरेज अमुक इतकी घेतली की मेसेज द्या किंवा टास्क अबेंड करा, असा नियम घालता येतो. हे फारच कामाचं आहे आणि फारच कमी ठिकाणी वापरलेलं दिसतं. पहिला महिनाभर फक्त मेसेजवर ठेवा. थेट अबेंड लावलात तर महिनाअखेरची एखादी निरुपद्रवी पण जाडजूड ट्रान्झॅक्शन बळी जाईल.

खालची जागा खाणारी तुमच्या बाजूची कारणं बहुतेक सगळीकडे तीच निघतात. पहिलं, लोड मॉड्यूल. बाइंडर (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा) सगळ्या सेक्शनमधला सर्वांत कडक आरमोड (प्रोग्रॅम लाइनच्या खाली बसणार की वर, ते ठरवणारा गुण) अख्ख्या मॉड्यूलला लावतो. तारीख बदलणारं ऐंशीच्या दशकातलं छोटंसं असेंब्लर सबरूटीन आरमोड २४ असेल आणि ते ६०० केबीच्या कोबोल प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक लिंक केलेलं असेल, तर सहाशेच्या सहाशे केबी लाइनच्या खाली. आयएसपीएफ ३.४ मध्ये लोड लायब्ररीची मेंबर यादी उघडा, एएम आणि आरएम हे रकाने बघा. आरएममध्ये २४ दिसलेल्या मोठ्या मेंबरवर एएमबीलिस्ट चालवून कोणता सेक्शन खाली ओढतोय ते काढा. तो बदलता येत नसेल तर निदान डायनॅमिक कॉलने वेगळा करा. वर राहिलेला कोबोल प्रोग्रॅम आणि खालचं सबरूटीन यांच्यात मोड बदलायची सोय मात्र बघावी लागेल, आणि त्याला दिले जाणारे पॅरामीटर खालीच ठेवावे लागतील.

दुसरं, ट्रान्झॅक्शन डेफिनिशनमधला टास्कडेटालॉक, म्हणजे टास्कचा डेटा कुठे ठेवायचा ते. जुन्या सीएसडीतून (सीआयसीएसच्या डेफिनिशनांच्या फाइलमधून) पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत आलेल्या डेफिनिशनांत तो बिलो असतो, त्यामुळे एकही जुना प्रोग्रॅम नसलेली ट्रान्झॅक्शनसुद्धा उगाच खाली जागा धरते. एनी करा. त्या ट्रान्झॅक्शनमध्ये एमोड २४ प्रोग्रॅम निघाला तर एईझेडसी अबेंड मिळेल, म्हणून सरसकट नको, गटागटाने आणि टेस्ट रीजनमध्ये आधी. तिसरं, गेटमेनचं जुनं रूप: फ्लेंग्थऐवजी लेंग्थ लिहिलं की प्रोग्रॅम एमोड ३१ असला तरी जागा लाइनच्या खालून येते. सोर्समध्ये नुसतं शोधून बदलण्याजोगी गोष्ट आहे. फक्त लेंग्थ अर्ध्या शब्दाची आणि फ्लेंग्थ पूर्ण शब्दाची असते, तेव्हा व्हेरिएबलचं पिक्चरही बदला. त्यातच शेअर्ड लिहिलेलं असेल तर ती जागा टास्क संपल्यावरही सुटत नाही. फ्रीमेन (जागा परत करणारी आज्ञा) विसरला की दिवसभर थेंबथेंब गळती, आणि रीजन रोज रात्री रिसायकल होत असेल तर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. रीजन आठवडाभर चालू ठेवायचं ठरलं की उघडं पडतं. याशिवाय कोबोलचं डेटा २४ ऑप्शन आणि लँग्वेज एन्व्हायर्नमेंटचं ऑल३१ ऑफ. एका प्रोग्रॅमच्या लाडापायी कुणीतरी रीजनभरासाठी ऑफ केलेलं असतं, आणि मग स्टॅक खाली येतो.

एवढं करूनही पुरत नसेल तर खाली जड पडणाऱ्या ट्रान्झॅक्शनना ट्रॅनक्लास (ट्रान्झॅक्शनचा गट) द्या आणि मॅक्सॲक्टिव्ह (त्यातली एका वेळी किती चालतील ती मर्यादा) आवळा, किंवा एओआर (ॲप्लिकेशन चालवणारे रीजन) वाढवा. प्रत्येक रीजनला स्वतःचे आठ-दहा एमबी मिळतात, त्यामुळे एकाचे दोन एओआर करणं हा आजही सर्वांत खात्रीचा उपाय. अट एवढीच की ॲप्लिकेशनमध्ये ॲफिनिटी नको: एका रीजनच्या सीडब्ल्यूएत (रीजनभर सामायिक जागेत) लिहून दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने ते वाचायचं, असले उद्योग असतील तर आधी ते निस्तरावे लागतात.

लाइन आणि बार यांच्या मधल्या भागाबद्दल थोडक्यात. ईडीएसएलिमचा, म्हणजे लाइनच्या वरच्या डीएसएंच्या मर्यादेचा, डिफॉल्ट पूर्वी ४८ एमबी होता, पाचव्या पिढीत तो ८०० एमबी झाला, आणि बहुतेक साइटना तो पुरतो. पण २ जीबीतून ईसीएसए, ईएलपीए वगैरे वजा जातात, आणि उरलेल्यात ईडीएसएलिमखेरीज व्हीएसएएमचे एलएसआर पूल, टीसीबी आणि लँग्वेज एन्व्हायर्नमेंटही राहतात. १.४ जीबी खासगी जागेत ईडीएसएलिम १.२ जीबी करून बसणं म्हणजे लाइनखालची चूक मोठ्या आकड्यांत पुन्हा करणं. दोन्ही मर्यादा चालू रीजनमध्ये वाढवता येतात. कमी करायच्या तर मोकळे एक्स्टेंट पुरेसे हवेत. ते क्वचितच असतात, त्यामुळे व्यवहारात रीस्टार्टच.

बारच्या वर मर्यादा मेमलिमिटची. ४.२ ला किमान ४ जीबी लागत, पुढे ही अट चढत गेली, आणि अट पूर्ण नसेल तर रीजन उठतच नाही. अपग्रेडच्या रात्री हे कळणं फार महागात पडतं, कारण मेमलिमिट जेसीएल, एसएमएफपीआरएम आणि आयईएफयूएसआय अशा तीन जागांवरून ठरतो, आणि त्यातला शेवटचा सीआयसीएस टीमच्या हातात नसतो. आधीच आपल्या आवृत्तीची अट वाचून एमव्हीएस टीमशी बोलून घ्या. टीएसमेनलिमिट (मेन टेम्पररी स्टोरेजची मर्यादा) मेमलिमिटच्या २५ टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही, हेही त्याच बैठकीत तपासून टाका. जेव्हीएम सर्व्हरचा हीप बारच्या वर जातो. त्याच्या थ्रेडना मात्र लाइनच्या वर आणि खालीही थोडी थोडी जागा लागते, तेव्हा थ्रेडलिमिट ऐसपैस ठेवू नका. शक्य असेल तर जावाचे रीजन कोबोलपासून वेगळे काढा.

कॉमएरियाची (प्रोग्रॅम एकमेकांना डेटा देतात त्या जागेची) ३२,७६३ बाइटची हद्द छळत असेल तर चॅनेल आणि कंटेनर हा या प्रॉडक्टचा सर्वांत सुखद भाग. डेटा बारच्या वर राहतो. तरी ३१-बिट कोबोल प्रोग्रॅमने गेट कंटेनर केलं की त्याची प्रत बारच्या खाली येते. पन्नास एमबीचा कंटेनर वीस टास्कनी एकदम वाचला तर एक जीबी गेला, म्हणजे ८०० एमबीचा ईडीएसए भरून वर. बाइटऑफसेट वापरून तुकड्यातुकड्याने वाचा.

किंमत साइटच्या वापरावर आणि कराराच्या प्रकारावर ठरते, त्यामुळे इथे आकडा देण्यात अर्थ नाही. तुम्ही अजून चौथ्या पिढीवर असाल आणि लाइनखाली झगडत असाल तर निव्वळ या कारणासाठीही अपग्रेड करा. सीआयसीएसच्या स्वतःच्या वापरातली बचत काहीही न बदलता पदरात पडते. ५.६ वरून ६.२ वर फक्त स्टोरेजसाठी जाणार असाल तर थांबा. ते पैसे आधी लोड लायब्ररीतले आरमोड २४ मेंबर निस्तरायला लावा. या अंगाने प्रॉडक्टला पाचपैकी चार; एक तारा कापला तो डीएफएचएसएम०१३१ च्या मुखस्तंभपणासाठी.